माती देणं

हिलियरमध्ये नोव्हेंबर लागला की
आम्ही वेलींना माती देतो.
म्हणजे अगदी शब्दशः. छाटून उरलेल्या दोन काड्या
गुडघ्याखालच्या तारेला बांधायच्या,
मग ओळींमधून नांगर असा काढायचा
की दोन्हीकडची ढेकळं उलटून अंगावर येतात
आणि वेल दिसेनाशी होते.
उघडी राहिली तर जानेवारीत आतून तडकते,
उणे पंचविसाला, रात्री. आवाज होतो म्हणतात.
मी ऐकलेला नाही. मी पुरतो आणि झोपतो.

इथं माती कमी, दगड जास्त.
पांढुरकी चुनखडी, शिळ्या बिस्किटासारखी थराथरांची,
दर दोन हंगामांनी नांगराचा फाळ खाते.
एखादा थर उकलला तर आत शिंपला असतो
अशा समुद्राचा, ज्याला नाव ठेवायला कोणी नव्हतं.
समोरचं सरोवर तर गोड्या पाण्याचं.
मग वाइनमध्ये हे मीठ कुठून, पाहुणे विचारतात.
गेर्डा हॉफ्स्ट्रा पेला पुसत म्हणते, मला काय ठाऊक,
मी फक्त मध्ये येत नाही.

टोरांटोहून एक जण आला होता, चांगल्या बुटांचा.
शार्डने म्हणजे लोणी हवं, म्हणाला, व्हॅनिला हवा,
जरा सोनेरी, जरा गुबगुबीत.
लोणी हवं तर गाय पाळा, गेर्डा म्हणाली,
आणि तरी दोन खोकी विकली त्याला.

तिचा नवरा वीब्रन गेला तो डिसेंबरात.
शेवटच्या तीन ओळी पुरायच्या राहिल्या होत्या.
त्या राहिल्याच.
जमीन तोवर लोखंड झाली होती,
कुदळ घातली तर ठिणगी.
दफनभूमीच्या कोपऱ्यात दगडी खोली आहे एक,
हिवाळ्यात गेलेल्यांनी वसंताची वाट पाहायची.
तिथं ठेवला त्याला, म्हाताऱ्या मिस क्रॉंकच्या शेजारी,
जिच्याशी तो बांधावरून अकरा वर्षं बोलला नव्हता.

एप्रिलात एउसेबिओ ओआहाकाहून परत आला,
वीब्रनसाठी मेस्काल घेऊन. त्याला कोणी कळवलंच नव्हतं.
त्याच आठवड्यात आम्ही वेली उकरत होतो,
खुरप्यानं, शेवटी बोटांनी,
डोळा मोडू नये म्हणून दाईच्या हातानं.
गुरुवारी दुपारी काम थांबवून गेलो.
त्याला माती दिली.
गेर्डाच्या नखांत सकाळची होतीच,
तिनं हात धुतले नव्हते,
मूठभर घ्यायला ती वाकली तेव्हा
मला क्षणभर वाटलं, ही उकरणार.

एउसेबिओनं मेस्कालचं बूच काढलं,
थोडी खड्ड्यात, थोडी आम्हाला.

त्या तीन ओळी काळ्या पडल्या होत्या. उपटल्या.
मेच्या हिमात ओलं गवत जाळून रात्रभर खोकलो.
उन्हाळा आला तोही टोपी हातात धरून.
ऑक्टोबर निम्मा सरला तरी घोसांत
साखर भरता भरेना,
गेर्डा मणी चावायची, थुंकायची, म्हणायची, उद्या.
उद्या, उद्या करत पानं गळाली.

ती वाइन जुन्या पिंपात पडून राहिली,
इतक्या जुन्या, की लाकडाकडं सांगायला काही उरलं नव्हतं.
परवा तिनं पहिली बाटली फोडली, कोठारात, उभ्यानंच.
रंग जवळजवळ नाहीच,
खिडकीच्या काचेला असतो तेवढा.
आधी हिरव्या सफरचंदाची साल,
मग लिंबाची बी दाताखाली आल्यासारखं काहीतरी,
मग दगडावर दगड घासल्याचा वास,
आणि जिभेच्या दोन्ही कडांनी तोंडाला सुटलेलं पाणी.
दात आंबले माझे. डोळे मिटले गेले.
गिळल्यावर ती गेली नाही,
घशात बराच वेळ उभी राहिली,
दार लोटायचं विसरलेल्या माणसासारखी.

कडक आहे, मी म्हणालो.
वीब्रनला आवडली नसती, ती म्हणाली,
त्याला बिअर आवडायची.
आणि पेला परत पुढं केला.

बाहेर वारा सरोवरावरून वळला होता.
रिकाम्या तारा वाजत होत्या.
दुसरा पेला अर्धा झाल्यावर तिनं विचारलं,
फाळ बदललेस का?